शेऱ्याचा रकाना

वाल्बुर्गा नावाचा बाप असू शकत नाही, हे ऊर्मिलाच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या एकाच हातात पांढरा सुती मोजा होता. दुसरा टेबलावर पडला होता आणि तो घालायचं ती विसरून गेली.

समोर बाप्तिस्म्यांची जुनी नोंदवही उघडी होती. उद्या अमेरिकेहून एक बाई ती बघायला येणार होत्या, म्हणून मठातल्या सिस्टर हिल्ट्रुडनी ती कपाटातून काढून ठेवायला सांगितलं होतं. ऊर्मिलाला पान सापडलं, ओळ सापडली, आणि जाता जाता नजर शेजारच्या ओळीवर गेली. ‘योझेफा वाल्बुर्गा हूबर.’ ही ओळ तिनेच चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर चढवली होती. नाव योझेफा, वडिलांचं नाव वाल्बुर्गा, आडनाव हूबर. त्या वेळी तिला जर्मनीत येऊन वर्षही झालं नव्हतं. वाल्बुर्गा बाई की बुवा, तिला काय ठाऊक! आता मात्र त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर फ्राऊ लिंडनर राहत होत्या. पत्रपेटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, वाल्बुर्गा लिंडनर, आणि रविवारी कुणी वॉशिंग मशीन लावलं की त्या जिना चढून भांडायला येत. बाईच होत्या त्या, त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

ऊर्मिलाने वरच्या ओळी वाचल्या, मग खालच्या. फ्रान्झ अलॉइस श्टाडलर. मारिया अलॉइस श्टाडलर. गेओर्ग अलॉइस श्टाडलर. तीन मुलं, अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या तळ्यांकाठची, आणि बाप्तिस्मा एकाच महिन्यातला. म्हणजे तिच्या यादीप्रमाणे या अलॉइसने भलताच पराक्रम गाजवला होता. तिला हसू यायला हवं होतं, पण ती पुढची पानं उलटून बघायला लागली.

ही चूक पूर्वी कशी दिसली नाही, याचं उत्तर सोपं होतं आणि ते तिला लाजवणारं होतं. ती ओळीखाली पट्टी धरून काम करायची. लग्नाआधी इचलकरंजीच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात ती कारकून होती, आणि तिथे हेडक्लार्क शिरीष जोगळेकरांनी पहिल्याच दिवशी लाकडी पट्टी हातात दिली होती. वर बघायचं नाही, खाली बघायचं नाही, धरलेली ओळ तेवढी आपली. म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याला लागत नाही. त्या पट्टीच्या जोरावर तिने कधी कुणाचा बाप बदलला नव्हता, आणि तिला त्याचा अभिमान होता. नवऱ्याला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून रेगेन्सबर्गला यावं लागलं, तेव्हा तिने जे काही सोडलं त्यात तो अभिमानही होता. तो तिला परत मिळाला तो डोनाऊ नदीपलीकडच्या या छोट्या मठात. आठवड्यातून तीन दिवसांचा मिनीजॉब, थंडगार खोली, आणि जुन्या वळणाचं जर्मन अक्षर वाचायला शिकवणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या सिस्टर.

या मठाचे पाद्री दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेले होते, उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यांच्या काठी राहणाऱ्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांना ख्रिस्ती करायला. त्यांनी पोरांना पाणी शिंपडलं, नावं दिली, वहीत लिहिली, आणि वह्या म्हातारपणी बरोबर घेऊन आले. ज्यांच्या नोंदी होत्या ते तिकडे राहिले आणि नोंदी इकडे आल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

ऊर्मिलाला एका ओळीत तीन शब्द दिसले आणि तिने ते वाचले, जसे आपल्याकडचं कुणीही वाचेल तसे: स्वतःचं, बापाचं, आडनाव. दुसरं काही असू शकेल हे मनातही आलं नाही. तिचं स्वतःचं इथे उलटं होत होतं. पासपोर्टावर ऊर्मिला श्यामकांत नाडगौडा, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे “फ्राऊ ऊर्मिला श्यामकांत, बिट्टे!” असा पुकारा व्हायचा, आणि ही बाई नवऱ्याचं नाव अंगावर घेऊन उठायची. घरी आल्यावर त्यावर किती हसणं व्हायचं. या लोकांना माणसाच्या नावात त्याचा बाप नाहीतर नवरा असतो एवढं साधं कळत नाही, असं ती फोनवर नीताताईला, म्हणजे तिच्या नणंदेला, रंगवून सांगायची.

सिस्टर हिल्ट्रुड काठी टेकत आल्या. ऊर्मिलाने ओळीवर बोट ठेवून विचारलं, “सिस्टर, हे अलॉइस श्टाडलर कोण?”

“ते? पाटे. धर्मपिता.” सिस्टरनी चष्मा वर सरकवला. “इथल्या माणसाने मिशनला देणगी दिली की तिकडे एका मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या नावाने व्हायचा. हा बिअर गाळणारा होता. फार भाविक. तिकडे कधी गेला नाही बिचारा.”

“मग आईबाप?”

“खालच्या ओळीत की. बारीक अक्षरात. पाद्रींनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय.”

खालच्या ओळीतलं ते बारीक अक्षर ऊर्मिलाला चांगलं आठवत होतं. लांबच लांब, कुठेही न मोडणारे शब्द. ती तळ्यांची आणि खेड्यांची नावं असणार असं तिने ठरवलं होतं आणि ती सगळी शेवटच्या रकान्यात टाकली होती. पालिकेत त्या रकान्याला शेरा म्हणत. जे कुठेच बसत नाही ते शेऱ्यात. आणि यादी मठाच्या वेबसाइटवर चढवताना ते काम करणाऱ्यांनी शेरा गाळून टाकला होता, कारण शेरा कोण वाचतो?

तिने सिस्टरना सगळं सांगितलं. सिस्टर खुर्चीत बसल्या. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, त्यामुळे यादी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

“आल्झो, तर मग,” चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “किती ओळी चुकल्यात?”

“सगळ्या.”

“हं. मग त्या शांतपणे दुरुस्त करा, फ्राऊ नाडगौडा. हळूहळू. कुणाला सांगायची गरज नाही. या वह्या बिशपांकडे पाठवून द्या असं मठप्रमुख मदर दर महिन्याला म्हणतात. हे कळलं तर उद्याच गाडी येईल. मग तुमचंही काम संपलं आणि माझंही.”

“आणि उद्याच्या बाई?”

“त्या श्टाडलरांना आपले पूर्वज समजून त्यांच्या गावाला जाऊन आल्यात. तिथे त्यांना जेवायला घातलं, थडगं दाखवलं. त्या खूश आहेत. सत्तरीची बाई समुद्र ओलांडून आली आहे, तिचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा?”

संध्याकाळी श्यामकांतचंही हेच मत पडलं. तो भाकरी मोडत होता. ज्वारीचं पीठ म्युनिकहून आणलेलं, म्हणून जपून.

“सिस्टर म्हणतात ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “तू उगाच हरिश्चंद्राचा अवतार घेऊ नकोस.”

“अहो, पण चूक माझी आहे.”

“डेटा एंट्रीत चुका होतात गं. आमच्याकडे तर आख्ख्या गाड्या परत बोलवतात. आणि दीडशे वर्षांपूर्वीचा बाप! तुला तुझ्या पणजोबांचं नाव येतं का?”

ऊर्मिलाला येत नव्हतं. तिने आठवून पाहिलं, आईला विचारायचं म्हटलं तर आई आता नव्हती.

“तने, तुला काय वाटतं?” तिने मुलीला विचारलं. तनयाने ताटावरून मान वर केली नाही. “इस्ट डॉख एगाल, ममा,” ती म्हणाली. काय फरक पडतो, असं. बापलेकीचं इतकं एकमत घरात क्वचितच होई.

ऊर्मिलानेही मग ठरवलं, गप्प बसायचं. तिला ते पटलं नव्हतं, पण तीन दिवसांची ती थंडगार खोली तिला हवी होती. या देशात तिला नाव होतं ते त्या एका खोलीत, बाकी सगळीकडे ती इंजिनियर साहेबांची बायको होती. ते गमावण्याची भीती वाटली, हे खरं कारण. बाकीची कारणं तिने त्यावर पांघरुणासारखी घातली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लोरेटा ग्रीनस्काय आल्या. आखूड पांढरे केस, पायात चालायचे बूट, जाडसर निळं जॅकेट. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, आणि त्या बसमधल्या गोंगाटाला सवय झालेला मोठा आवाज. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून तांदळाची पुडी काढली. काळपट, सुईसारखे लांब दाणे. “आमच्या तळ्यातला. भाऊ होडीतून झोडपून काढतो. शिजायला वेळ लागतो, धीर धरा,” असं म्हणून खळखळून हसल्या. सिस्टर कॉफी करायला आत गेल्या. जाताना त्यांनी ऊर्मिलाकडे एकदा पाहिलं.

“कॉम्प्युटरवर हे सगळं तुम्ही घातलंत?” लोरेटांनी विचारलं. बोलणं इंग्रजीतून चाललं होतं.

“हो.”

“मग मला तुमचे आभार मानायला हवेत. वडिलांनी खास सांगितलंय. ज्याने कुणी शोधून काढलं त्याला भेट म्हणाले.”

ऊर्मिलाने मान हलवली. तिने वही लोरेटांपुढे सरकवली आणि ओळ दाखवली. लोरेटांनी हात मांडीवरच ठेवले. वाकून नुसतं पाहिलं.

“हे माझ्या वडिलांचे आजोबा. फ्रान्झ. वडिलांनी त्यांना पाहिलंय. त्यांच्याबरोबर मासे धरलेत.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “आमच्याकडे कुळ असतं. ते बापाकडून येतं. आम्ही क्रेन कुळातले. यंत्र नाही हं, पक्षी. लांब पायांचा.”

“आमच्याकडेही गोत्र असतं,” ऊर्मिला म्हणाली. “तेही बापाकडून.”

“मग तुम्हाला समजेल. आजोबांनी वडिलांना सांगितलं होतं, तू क्रेन. वडील नव्वद वर्षं क्रेन होते. गावच्या मोठ्या बैठकीत कुळाकुळाने जागा असतात, तिथे क्रेनच्या जागेवर बसायचे. बोलायला पहिले उठायचे. मग दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने तुमची यादी काढून दाखवली. फ्रान्झचा बाप अलॉइस श्टाडलर, जर्मन माणूस. बाप जर्मन म्हटल्यावर कुळ कुठलं?”

“पण तुमचे आजोबा, म्हणजे वडिलांचे आजोबा, त्यांनी स्वतः सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं. पण कागदावर असेल तेच खरं, हे सरकारने आम्हाला फार वर्षं शिकवलंय. वडील बरेच दिवस एवढंच म्हणत होते, आजोबा माझ्याशी खोटं बोलले, की आजोबांच्या आईने त्यांना खोटं सांगितलं?” लोरेटांचा आवाज आता बसमधला राहिला नव्हता. “पुढच्या बैठकीला ते आपल्या जागेवरून उठले आणि दारापाशी जाऊन बसले. पाहुणे बसतात तिथे. लोक म्हणाले, दुसरं कुळ तुम्हाला पोटात घेईल, तशी रीत आहे. तर म्हणाले, या वयात कुणाच्या मांडीवर बसू? तेव्हापासून दारापाशीच.”

ऊर्मिलाने विचारलं, “आता कसे आहेत?”

“आता बैठकीला जात नाहीत. अंथरुणावर आहेत, हॉस्पिसची बाई घरी येते. फार दिवस नाहीत. मी निघत नव्हते, त्यांनीच पाठवलं. म्हणाले, ते आपले असतील तर त्यांना कुणी तरी भेटायला हवं. तंबाखू दिली मला, पूर्वजांना वाहायला. परवा श्टाडलरच्या थडग्यावर ठेवून आले. उद्याच्या विमानाने परत, मी पोचेपर्यंत ते असले तर बरं.” त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा हसायचा प्रयत्न केला. “बरं झालं तुम्ही शोधलंत. खरं काय ते कळलेलं बरं, नाही का?”

इथवर ऊर्मिला गप्प बसू शकली. आता तिला घरची भाकरी आठवली, परत बोलावलेल्या गाड्या आठवल्या, काय फरक पडतो म्हणणारी मुलगी आठवली, आणि सगळ्यांचा राग आला. सर्वांत जास्त स्वतःचा. तिकडे एक म्हातारा माणूस तिच्या चुकलेल्या रकान्यामुळे स्वतःच्या जागेवरून उठला होता, आणि तसाच मरायला निघाला होता.

“ते तुमचे कुणी नाहीत,” ती म्हणाली.

“कोण?”

“श्टाडलर. बाप नव्हे तो. त्याने इथून देणगी दिली होती म्हणून त्याचं नाव लिहिलंय. धर्मपिता. त्याने तुमचा देश पाहिलासुद्धा नाही. मी चुकीचं लिहिलं. माझ्या देशात मधलं नाव बापाचं असतं, म्हणून मी...” पुढचं इंग्रजी सुचेना. “ही तुमच्या लोकांची चूक नाही. पाद्रींची नाही. सिस्टरचीही नाही. माझी आहे.”

लोरेटांचा चेहरा आधी नुसता कोरा झाला, समजलंच नसल्यासारखा. मग तो हळूहळू लाल झाला. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. बाहेर मठाच्या बागेत कुणी तरी गवत कापायचं यंत्र फिरवत होतं. ते बागेच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं तरी त्या वळल्या नाहीत.

“दोन वर्षं,” त्या खिडकीकडेच बघत म्हणाल्या. “माझ्या बापाला दोन वर्षं दारापाशी बसवलंस तू.”

ऊर्मिलाने माफी मागितली. इंग्रजीत एकदा, आणि मग तोंडातून आपोआप मराठीत निघून गेली. लोरेटांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. त्या नुसत्या वळल्या.

“मग बाप कोण?”

“इथे आहे. खालच्या ओळीत.” ऊर्मिलाने भिंग पुढे ओढलं. अक्षर जाळीसारखं होतं, पण शिकल्यापासून तिला ते स्वच्छ वाचता येत होतं. “कागिगेबिनेसी. पुढे क्रानिष लिहिलंय. मी तेव्हा शब्दकोशात पाहिलं होतं. क्रानिष म्हणजे जर्मनमध्ये करकोचा. क्रेन. मला वाटलं, तळ्यावर पक्षी असतील.”

लोरेटांनी टेबलाची कड धरली. ते नाव त्यांनी स्वतःशी एकदा म्हटलं, ऊर्मिलाने म्हटलं त्याहून सावकाश, आणि मध्येच घशात अडकल्यासारखा एक ठोका घेऊन. मग जॅकेटच्या खिशातून फोन काढला.

तिकडे सकाळ होती. भावाने लगेच उचलला, त्याचं नाव रेमंड. लोरेटांनी त्याला सगळं सांगायला फार शब्द वापरले नाहीत. पलीकडून एक शिवी ऐकू आली, मग रेमंडचा बारीक झालेला आवाज.

“लोरी, काल दुपारपासून ते बोललेले नाहीत. डोळे मिटलेत. नर्स म्हणते आज, फार तर उद्या.”

“ऐकू येतं का?”

“नर्स म्हणते, ऐकू शेवटपर्यंत येतं. मला माहीत नाही.”

“फोन कानाला लाव.”

लोरेटांनी फोनचा स्पीकर चालू केला आणि तो उघड्या वहीशेजारी ठेवला. आधी आपल्या भाषेत त्या वडिलांशी काही तरी बोलल्या, दोनच वाक्यं, आणि दुसरं वाक्य पुरं झालं नाही. तोंडावर हात दाबून त्यांनी ऊर्मिलाकडे पाहिलं.

“तू वाच.”

“मी?”

“तू लिहिलंस. तू वाच.”

ऊर्मिला फोनवर वाकली. पलीकडे ऑक्सिजनच्या यंत्राची सुरसुर ऐकू येत होती, आणि तिच्याखाली मधूनच थांबणारा श्वास. तिला त्या माणसाला काय म्हणायचं ते कळेना. सर, आजोबा, काहीच बरोबर वाटेना. ती सरळ वाचायला लागली.

“फ्रान्झ. बाप कागिगेबिनेसी. क्रानिष.”

“क्रानिष नको,” लोरेटा म्हणाल्या. “आमच्या भाषेत अजिजाक म्हण.”

“फ्रान्झ. बाप कागिगेबिनेसी. अजिजाक.”

श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला. एवढंच. ऊर्मिलाने आणखी एकदा वाचलं, आता लोरेटांनी घेतला होता तसा मधला ठोका घेऊन. लोरेटांनी होय म्हणून मान हलवली. दारात सिस्टर हिल्ट्रुड कॉफीचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी टेबल पाहिलं, फोन पाहिला, आणि आत न येता तिथेच उभ्या राहिल्या.

ऊर्मिलाने पुन्हा वाचलं. पुन्हा एकदा. पलीकडे यंत्राची सुरसुर आणि श्वास चालूच होता. आता पुरे का, हे विचारायला तिने मान वर केली. लोरेटांची नजर फोनवरून हलली नव्हती, आणि त्यांनी थांब म्हटलं नाही. ऊर्मिलाने ओळीखाली बोट धरलं आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागली.